सूत्राआधी आलेख काढा

सीएसटीआर (सतत माल येणारी-जाणारी ढवळलेली टाकी) आणि पीएफआर (ज्यात माल मागेपुढे न मिसळता सरकत जातो अशी नळी) या रिअ‍ॅक्टरांची सूत्रं पाठ आहेत, पण कुठला रिअ‍ॅक्टर का घ्यायचा ते कळत नाही, असं तुम्ही म्हणताय. तिसऱ्या वर्षाला माझंही हेच झालं होतं. मला ते उलगडलं प्रयोगशाळेत, इथाइल अ‍ॅसिटेट आणि कॉस्टिक सोड्याच्या प्रयोगात. पिपेटमधला नमुना लगेच जादा हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचा, अभिक्रिया तिथेच थांबते. मग उरलेलं आम्ल कॉस्टिकने टायट्रेट करायचं, म्हणजे थेंबथेंब टाकून मोजायचं, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत. सोडायला जरा उशीर झाला तरी रूपांतरण (मूळ मालाचा किती भाग बदलला ते) जास्त दिसतं! वेग म्हणजे काय, ते तेव्हा हाताला कळलं.

ढवळलेल्या टाकीत, म्हणजे सीएसटीआरमध्ये, शिरलेला ताजा माल लगेच सगळीकडे मिसळतो. म्हणून अख्खी टाकी बाहेर पडणाऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी संहतीवर (दर लिटरमागे उरलेल्या मालावर) चालते, आणि अभिक्रिया मंद राहते. स्थिर तापमानाच्या प्रथम कोटीच्या (वेग संहतीच्या प्रमाणात असलेल्या) अभिक्रियेत तिला ९० टक्के रूपांतरणाला पीएफआरच्या जवळपास ३.९ पट आकारमान लागतं, ९९ टक्क्यांना २१ पटींहून जास्त. ९० टक्क्यांसाठीच तीन सारख्या टाक्या ओळीने जोडल्या तर एकूण फक्त दीडपट. हे आकडे स्वतः काढून बघा. रूपांतरणाविरुद्ध वेगाच्या व्यस्ताचा आलेख काढा: पूर्ण आयत सीएसटीआरचा, वक्राखालचं क्षेत्रफळ पीएफआरचं.

उष्णतेचं प्रकरण मात्र टाळू नका. एक लिटरचा फ्लास्क त्याच आकारात हजार लिटरचा केला, तर दर लिटरमागे थंड करणारा पृष्ठभाग दहावा हिस्सा उरतो. उष्णता देणारी अभिक्रिया हाताबाहेर जाते ती इथेच.