एल्व्हिशमधला ‘-उवा’: येईन, येणार की येवो?

निशिगंध
मैत्रीण दोन वर्षांसाठी लांब चालली आहे. तिला देण्यासाठी एक वही घेतली आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘मी परत येईल’ हे वाक्य (तिच्याच तोंडचं म्हणून) टॉल्किनच्या (‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला) एल्व्हिशमध्ये, म्हणजे त्याने आपल्या कथांतल्या एल्फ लोकांसाठी रचलेल्या भाषेत, लिहायचंय. एका संकेतस्थळावर वाक्य टाकलं, तर त्याने छान वळणदार अक्षरं काढून दिली. तेंग्वार (एल्व्हिशची लिपी) वाचता येणाऱ्या मित्राला दाखवली, तर तो हसायलाच लागला. आत सरळ इंग्रजी वाक्य होतं, नुसती लिपी बदललेली. या भाषेत भविष्यकाळ करतात तरी कसा? इंग्रजीसारखा वेगळा शब्द लागतो की आपल्यासारखा प्रत्यय?

पाणकावळा
आधी मराठी. ‘मी येईल’ नाही हो, ‘मी येईन’. हल्ली सगळीकडे ‘मी करेल, मी सांगेल’ दिसतं आणि मी प्रत्येक वेळी दात आवळतो. पण इथे हटकण्यामागे खोडीपलीकडचं कारण आहे, ते बघा.

एल्व्हिश म्हणजे एक भाषा नाही. क्वेन्या आणि सिंदारिन या त्यातल्या दोन मुख्य. तुम्हांला क्वेन्या हवी आहे असं धरतो. ‘तुल्’ म्हणजे येणे, पुढे ‘एन्-’ लावला की पुन्हा, परत. भविष्याचा प्रत्यय ‘-उवा’. झालं ‘एन्तुलुवा’: (तो, ती, ते) परत येईल. आणि ‘मी’ म्हणायचं तर शेवटी न्: ‘एन्तुलुवन्’. म्हणजे ‘येईल’ला न् नाही, ‘येईन’ला आहे, अगदी आपल्यासारखंच! योगायोगच आहे, पण लक्षात ठेवायला सोपा. तुम्ही मराठीत जी चूक केलीत तीच क्वेन्यात केली असती, तर वहीवर ‘कोणीतरी परत येईल’ असं उमटलं असतं.

काठावरचा
पाणकावळा यांना एक पुरवणी. हिंदीत ‘आएगा, आएगी’ असा लिंगभेद आहे. मराठीत तो येईल, ती येईल, ते येईल, सगळं एकच. क्वेन्यातही तसंच. त्यामुळे मैत्रीण असो की मित्र, रूप बदलत नाही.

गंमत अशी की क्वेन्यावर ज्या फिनिश भाषेची दाट छाप आहे, तिच्यात भविष्यकाळाचं वेगळं रूपच नाही. तिथे वर्तमानावरच भागवतात. टॉल्किनने फिनिशचा नाद घेतला, पण भविष्यकाळाच्या बाबतीत तो तिच्या वाटेने गेला नाही.

आणि क्वेन्याचं क्रियापद किती पोटात घेतं ते बघायचं असेल तर ‘लाइतुवल्मेत्’ घ्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये कोरमालेनच्या मैदानावर फ्रोडो आणि सॅम या नायकांचा जयजयकार होतो, त्यात हा शब्द येतो. लाइत(अ) म्हणजे स्तुती करणे, त्यापुढे उवा, मग ल्मे म्हणजे आम्ही, आणि शेवटचा त् म्हणजे त्यांना. ‘आम्ही त्यांची स्तुती करू’, एका शब्दात. मराठी ‘करू’मध्ये ‘आम्ही’ मावतो, ‘त्यांची’ मात्र बाहेरच राहते.

निशिगंध
चूक मान्य! येईन, येईन, येईन. पण मग ‘मी परत येणार आहे’ म्हणायचं असेल तर? तेही ‘-उवा’च?

पाणकावळा
हो. खरी चर्चा इथे सुरू होते, कारण ‘-उवा’चा मराठी अर्थ एक नाही.

माझ्या आवडीचं उदाहरण देतो. टॉल्किनच्याच ‘द सिल्मरिलियन’मध्ये अगणित अश्रूंची लढाई आहे. सकाळी एल्फांचा राजा फिंगोन ओरडतो, ‘उतूलिएन् आउरे!’ दिवस उजाडला आहे. हे ‘तुल्’चंच पूर्णकाळाचं रूप. मग लढाई हरतात, सगळे पडतात, आणि शेवटी हूरिन हा माणसांचा सरदार एकटा कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. प्रत्येक शत्रू पाडताना तो ओरडतो, ‘आउरे एन्तुलुवा!’ सत्तर वेळा. तोच ‘आउरे’, तेच क्रियापद, फक्त ‘एन्-’ लागलेला आणि काळ बदललेला.

आता हे मराठीत आणा. ‘दिवस पुन्हा उजाडेल.’ वाचा मोठ्याने. कसं वाटतं? कुणी पाठीवर हात ठेवून समजूत काढतंय असं. आपल्या ‘-एल’मध्ये अंदाजाचं पाणी फार मिसळलंय. ‘तो घरी असेल’ या वाक्यात तर भविष्य औषधालाही नाही, निव्वळ तर्क आहे. ‘येईल येईल, बघू’ म्हणतो तेव्हा येण्याची खात्री कुणालाच नसते. ढोपरभर रक्तात उभा राहून कोणी ‘उजाडेल’ म्हणत नाही. तिथे ‘उजाडणार!’ पाहिजे. सत्तर वेळा म्हणायचं तर ‘उजाडणारच!’

काठावरचा
‘णारच’ला माझा विरोध. ‘च’ लावला की ते वर्गातल्या पैजेसारखं होतं. शिवाय आपल्याकडे ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ हे इतकं रुळलेलं आहे की ‘उजाडणारच’ म्हटलं की तेच कानात वाजतं. हूरिनला सूर्य उगवण्याबद्दल खात्री द्यायची नाहीये. ‘उजाडणार’ ठीक. ‘च’ काढा.

पाणकावळा
कोंबडं काढलंत ते बरं केलंत. ‘च’ काढला.

चकवा
तृतीयपुरुषात ‘-ईल/-एल’ पातळ होतो हे मान्य, पण प्रथमपुरुषात उलट आहे हे कुणी बोललंच नाही. ‘मी देणार आहे’ हा बेत झाला. ‘मी देईन’ हा शब्द झाला, दिलेला. म्हणूनच ‘प्राण देईन’ म्हणतात. ‘प्राण देणार आहे’ म्हणणाऱ्याला लोक विचारतील, कधी?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी अरागॉर्न जे म्हणतो ते मुळात त्याच्या पूर्वजाचे, एलेंदिलचे शब्द आहेत. न्यूमेनोर हे बेट बुडाल्यावर एलेंदिल समुद्रातून मध्यभूमीवर उतरला तेव्हाचे. त्यात आहे ‘सिनोमे मरुवन् आर् हिल्दिन्यार्’: इथे मी राहीन, आणि माझे वारसही. (‘मर्’ म्हणजे राहणे, वस्ती करणे. मराठी कानाला ‘मर’ आणि ‘मरुवन’ दोन्ही भलतीकडे नेतात, नाइलाज आहे.) ‘राहीन’ अगदी फिट बसतं, शपथच आहे ती. पण पुढे बघा. क्वेन्यात क्रियापद एकदाच येतं, ‘मी’च्या न्‌सकट, आणि वारस मागून नुसते जोडलेले. मराठीत व्याकरण पाळून ‘माझे वारस राहतील’ म्हणालात की शपथ तिथेच विरघळते. वारसांच्या वतीने ‘-ईन’ म्हणता येत नाही ना! म्हणून मी ‘आणि माझे वारसही’ असं क्रियापदाविनाच सोडतो.

सिंदारिनमध्येही तोच खेळ, प्रत्यय ‘-था’. एल्बेरेथ या ताऱ्यांच्या देवीच्या स्तोत्रात ‘लिन्नथॉन्’ आहे: गाईन. (मराठी ‘थ’पेक्षा तो उच्चार वेगळा, जीभ दातांत धरून.) शेवटी न् आला की था-चा थो होतो. आणि अरागॉर्न राजा झाल्यावर सॅमला पत्र पाठवतो, त्यात ‘आङ्ग्लेन्नथा’: वसंताच्या आठव्या दिवशी राजे पुलापाशी येणार आहेत. प्रत्यय तोच, पण तारीख-वार दिलेल्या सरकारी पत्रात ‘येतील’ लिहिलं तर स्वागताची कमान कोण उभारणार?

निशिगंध
आणि ‘येवो’? म्हणजे तिने परत यावं अशी माझी इच्छा लिहायची असेल तर?

काठावरचा
त्यासाठी ‘नाइ’ हा शब्द आधी ठेवायचा, क्रियापद ‘-उवा’चंच. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गालाद्रिएल या एल्फ राणीच्या निरोपगीताचा शेवट असा आहे: ‘नाइ हिरुवल्ये वालिमार’. कादंबरीतल्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘कदाचित’ आहे, त्यामुळे बरेच जण ‘कदाचित तुला वालिमार (देवांचं नगर) सापडेल’ करतात. पण १९६७ साली टॉल्किनच्या गीतांचं स्वरलिपीसह पुस्तक निघालं, त्यात टॉल्किनने ‘नाइ’चा अर्थ ‘असं होवो की’ असा उलगडला आहे. म्हणजे थेट आपला ‘-ओ’: ‘वालिमार तुम्हांला गवसो’. तुम्हांला अशासाठी की ‘-ल्ये’ हे आदरार्थी रूप आहे. जवळिकीचं ‘-त्ये’ वेगळं.

पुढचं वाक्य ‘नाइ एल्ये हिरुवा’. इथे ‘एल्ये’ म्हणजे जोर दिलेला ‘तुम्ही’, म्हणून क्रियापदाचा ‘-ल्ये’ गळाला. आपण ‘तू’ म्हणूनही ‘येशील’ सोडत नाही, ते मात्र सोडतात.

चकवा
मग निशिगंध, तुमची इच्छा म्हणून ‘नाइ एन्तुलुवत्ये’. मैत्रिणीला ‘-ल्ये’ लावलंत तर ती रुसेल.

निशिगंध
ठरलं. वरती तिचं ‘एन्तुलुवन्’, खाली माझं ‘नाइ एन्तुलुवत्ये’. मराठी अर्थ मागच्या पानावर लिहीन, ‘लिहीन’च्या शेवटी न लावून.