हापूसच्या संकेतस्थळासाठी बॅकलिंक विकत घ्याव्यात का?

कलमबागवाला

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची घरची हापूसची बाग आहे आणि गेली चार वर्षे आम्ही दलालाकडे माल न देता स्वतःच्या संकेतस्थळावरून मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना पेट्या घरपोच पाठवतो. जुने ग्राहक टिकून आहेत. परंतु नवा ग्राहक गूगलवर 'देवगड हापूस घरपोच' असे शोधतो तेव्हा आमचे नाव तिसऱ्या पानावर येते, आणि पहिल्या पानावर झळकणाऱ्यांपैकी काहींचे स्वतःचे एकही कलम नाही. गेल्या आठवड्यात एका संस्थेने फोन करून 12 हजार रुपयांत 'डीए 40 च्या वरच्या' एक हजार बॅकलिंक, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आमच्या संकेतस्थळाकडे येणारे दुवे, करून देण्याची तयारी दाखवली. मार्चमध्ये हंगाम भरात येण्याआधी काम पूर्ण होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. हा खर्च करावा का? करू नये असे मत असल्यास दुसरा मार्ग कोणता? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शोधयात्री

खर्च करू नये, हे आधीच सांगतो.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना 1998 मध्ये पाने क्रमाने लावण्याची जी पेजरँक ही पद्धत मांडली आणि जिच्यावर गूगल उभे राहिले, तिच्या मुळाशी शोधनिबंधांतील संदर्भांची कल्पना होती. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्याच्याविषयी शब्द टाकला, आणि तो शब्द कोणी टाकला यावर त्याचे वजन ठरते. आपल्याकडे स्थळाची चौकशी करताना गावातल्या चार भरवशाच्या घरी विचारतात, स्टँडवरच्या हजार अनोळखी माणसांना नाही. तसाच हा प्रकार. ती संस्था तुम्हाला नेमके हे स्टँडवरचे हजार जण विकत आहे.

'डीए' या आकड्याविषयीही सावध राहा. डोमेन ऑथॉरिटी हे मॉझ या खासगी कंपनीने तयार केलेले 1 ते 100 पर्यंतचे अनुमान आहे. गूगल ते क्रमवारीसाठी वापरत नाही. एखाद्या संकेतस्थळाचा डीए 40 असूनही त्यावर कर्जाच्या जाहिराती, जुगार आणि केसांची तेले यांच्या दुव्यांखेरीज काही नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

विकतच्या दुव्यांचे पुढे काय होते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे आहे. तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिचे दुवे पेरलेले असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी 2011 मध्ये उघड केले. गूगलने कारवाई केल्यावर प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले हे दुकान दोन तासांत 71 व्या क्रमांकावर गेले. पुढे एप्रिल 2012 मध्ये अशा दुव्यांना आळा घालणारा पेंग्विन हा बदल गूगलने आणला आणि सप्टेंबर 2016 पासून तो गूगलच्या मूळ प्रणालीचाच भाग झाला. तेव्हापासून असे दुवे बहुतेक वेळा शिक्षा न करता केवळ हिशेबातून वगळले जातात. म्हणजे नशीब चांगले असेल तर तुमचे 12 हजार रुपये नुसते पाण्यात जातील, आणि नशीब वाईट असेल तर ऐन हंगामात गूगलच्या माणसांकडून कारवाईची नोटीस सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या सुविधेत, येईल.

त्याऐवजी दुसऱ्याला दुवा द्यावासा वाटेल असे एक पान लिहा. आंबा बाहेरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा बिघडलेला गर, निघतो, ही हापूस घेणाऱ्या प्रत्येकाची तक्रार असते. साका म्हणजे काय, तो बाहेरून का ओळखता येत नाही आणि तसा आंबा निघाल्यास तुम्ही भरपाई कशी करता, हे बागायतदाराइतके स्पष्ट कोण लिहू शकेल? घरी पेंढ्यात आढी कशी लावावी, हे स्वतःच्या बागेतील छायाचित्रांसह दाखवा. हापूसला 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे, हेही अनेक ग्राहकांना ठाऊक नसते. पाककृती लिहिणारे किंवा परिसरातील घरगुती निवासव्यवस्था चालवणारे लोक अशा पानाचा दुवा आपणहून देतात, कारण त्यांच्या वाचकांचे तेच प्रश्न असतात. मात्र हे एका हंगामात फळणारे काम नाही. कलम लावल्यावर पहिल्याच वर्षी मोहोराची वाट कोणी पाहत नाही.

लघुउद्योजिका

शोधयात्री यांच्याशी सहमत आहे. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. विकतचे दुवे कधीच चालत नाहीत, असे नाही. माझ्या मसाल्यांच्या संकेतस्थळासाठी मी एका संस्थेकडून असे काम करून घेतले होते आणि जवळजवळ दोन महिने आम्ही खरोखरच वर होतो. म्हणूनच तर हा धंदा टिकून आहे. त्यानंतर आम्ही आधी होतो त्याहूनही खाली गेलो, आणि संस्थेने दुवे काढून टाकण्यासाठी वेगळे पैसे मागितले.

दुसरे असे की, ओळखीच्या वृत्तसंकेतस्थळावर पैसे देऊन लेख छापून आणणार असाल, तर त्यातील दुव्याला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावायला सांगावे. गूगलने 2019 मध्ये ती याच कामासाठी आणली. अशा लेखातून क्रमवारी वाढण्याची अपेक्षा ठेवू नये. ग्राहक मात्र येऊ शकतात, आणि आपल्याला अखेर तेच हवे असतात.

कलमबागवाला

दोघांचेही मनापासून आभार. साक्याची कल्पना फारच आवडली. आजवर हा विषय आम्ही ग्राहकांपासून लपवतच आलो. एक गोष्ट मूळ प्रश्नात सांगायची राहिली. गेल्या पावसाळ्यात आम्ही संकेतस्थळाचा पत्ता बदलला. एका दैनिकाने आमच्या बागेवर दोन वर्षांपूर्वी लेख लिहिला होता, त्यात आणि काही ग्राहकांच्या ब्लॉगवर अजून जुनाच पत्ता आहे. तो उघडल्यास काहीच दिसत नाही. त्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे आणि आम्ही ती वाढवणार नव्हतो.

शोधयात्री

मुदत आजच वाढवा. तुम्ही 12 हजार रुपये देऊन जे विकत घ्यायला निघाला होता, त्याहून मोलाचे दुवे तुमच्याकडे आहेत आणि ते सध्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत आहेत. जुन्या संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावरून नव्या संकेतस्थळाच्या त्याच विषयाच्या पानाकडे कायमस्वरूपी वळण, म्हणजे 301 रीडायरेक्ट, लावायला तुमच्या होस्टिंगवाल्याला सांगा. सगळी पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नयेत. ही चूक फार जण करतात. हे वळण किमान एक वर्ष ठेवावे, असे गूगलचे सांगणे आहे. मी म्हणेन, पत्ता परवडतो तोवर ठेवाच. सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची सूचना देण्याची सोयही आहे, तीही वापरा.

मुदत संपलेले असे पत्ते हेरून विकत घेणारे लोक आहेत. तुमच्या बागेच्या नावाखाली उद्या जुगाराचे पान उघडले, तर दैनिकातला तो लेख वाचून येणारा ग्राहक तिथेच पोहोचेल.

वळण लागल्यानंतर त्या दैनिकाला आणि ब्लॉग लिहिणाऱ्या ग्राहकांना साधे पत्र लिहून नवा पत्ता टाकण्याची विनंती करा. ग्राहक बहुधा लगेच बदलतील. दैनिकाकडून उत्तर येईलच असे नाही; पण वळण असल्यामुळे तुमचे काम अडणार नाही.

लघुउद्योजिका

ग्राहकांना ते पत्र मोहोर आल्यावर, बागेच्या ताज्या छायाचित्रासह पाठवा. आमच्यासारख्या ग्राहकांकडून तरी उत्तर नक्की येईल, आणि बहुधा पेटीची मागणीही.