चोर सोडून संन्याशाला फाशी? ट्रम्प, सीमा आणि फेंटानिल

निशाचर (एडिसन, न्यू जर्सी), २८ ऑक्टोबर २०२४

आमच्याकडे शनिवारपासून आगाऊ मतदान सुरू झालंय. काल संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन आलो. रांगेत पुढे एक गुजराती काका होते, ओक ट्री रोडवरून थेट आलेले, हातात फरसाणाची पिशवी. ट्रम्प-समर्थकांची लाल टोपी दारातल्या बाईंनी काढायला लावली म्हणून खिशात कोंबलेली. मागे वळून मला म्हणाले, "बस, इस बार बॉर्डर बंद, ड्रग्ज बंद." मी हसून मान हलवली. घरी आल्यावर स्वतःवरच चिडलो, म्हणून हा धागा.

१६ जून २०१५ला सरकत्या जिन्यावरून खाली येऊन ट्रम्पनी उमेदवारी जाहीर केली. त्या पहिल्याच भाषणात मेक्सिकोतून येणारे लोक ड्रग्ज आणतात, गुन्हेगारी आणतात असं ठोकून दिलं. नऊ वर्षं झाली, तीच गाठ घट्ट मारून ठेवलीय. सीमा ओलांडणारा माणूस म्हणजेच ड्रग्ज. माझं म्हणणं, ही गाठच खोटी आहे.

फेंटानिल हे जीवघेणं ड्रग मेक्सिकोतून येतं, मान्य. रसायनं चीनची, तेही मान्य. पण आणतं कोण? अमेरिकेच्या शिक्षा आयोगाचे आकडे आहेत. २०२१ साली फेंटानिलच्या तस्करीत दोषी ठरलेल्या दर १०० जणांत ८६ अमेरिकी नागरिक होते. कार्टेलवाले धंदा करतात, धर्मादाय नाही. वाळवंटात गस्तवाल्यांच्या तावडीत सापडू शकणाऱ्या माणसाच्या पाठीवर ते माल देतील, की सान इसिद्रोच्या नाक्यावरून निळा अमेरिकी पासपोर्ट दाखवत रोज ये-जा करणाऱ्याच्या गाडीच्या दारात भरतील? पकडला जातो तो मालही मुख्यतः या अधिकृत नाक्यांवरच. कोट्यवधी लोक हाकलून दिले तरी त्या गाडीच्या दाराला कुणी हात लावणार नाही.

पेठेतला

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ओहायोकर

निशाचर, एडिसनमध्ये बसून हे लिहायला सोपं आहे. मी डेटनजवळ राहतो, एकोणीस वर्षं झाली. २०१७ साली आमच्या माँटगोमेरी काउंटीचं शवागार भरून गेल्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या. आमच्या गल्लीत तिसऱ्या घरातला मुलगा त्याच वर्षी गेला. हिवाळ्यात माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तोच काढायचा, दहा डॉलर घेऊन. त्याच्या वडिलांनी आजतागायत गॅरेजमधलं त्याचं फावडं हलवलेलं नाही.

आता तुमच्या आकड्यांबद्दल. नाक्यावर माल सापडतो कारण तिथे कुत्रे आहेत, स्कॅनर आहेत. जिथे शोधता तिथे सापडणारच. जिथे कोणी शोधतच नाही तिथून किती आला हे कोणत्या आयोगाला माहीत? गेल्या डिसेंबरात एका महिन्यात दक्षिण सीमेवर अडीच लाखांच्या घरात लोक पकडले गेले. गस्तीचा माणूस त्यांचे कागद करत बसला की पन्नास मैलांचा पट्टा मोकळा. मग तिथून काय जातं ते देवाला ठाऊक.

आणि दोषी ठरलेले नागरिक म्हणजे पकडलेले ड्रायव्हर. मालक मेक्सिकोतल्या सिनालोआत बसलाय, त्याच्यावर खटलाच नाही तर तो टक्केवारीत कुठून येणार?

ट्रम्प हा माणूस तोंडाळ आहे, आपल्या मुलांसमोर लावू नये अशी भाषणं करतो, हे मी नाकारत नाही. पण आमच्याकडे लोक मरत होते तेव्हा दुसऱ्या बाजूचे नाकाने कांदे सोलत होते.

रांगेत उभा

ओहायोकर +१.

एक बाजू कोणीच मांडत नाही, ती मी मांडतो. मी २०११ला एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलो. ग्रीनकार्डच्या रांगेतली माझी तारीख मे २०१४. ऑक्टोबरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-२ या माझ्या गटात भारतासाठी तारीख आहे १५ जुलै २०१२, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर. तेरा वर्षं कर भरतोय. गावी बाबा आजारी पडले तर आधी स्टँपिंगची, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाच्या शिक्क्याची अपॉइंटमेंट मिळेल का ते बघायचं, मग विमानाचं तिकीट. मुलगी ठाण्यात जन्मली, मार्चमध्ये २१ वर्षांची होतेय. त्या दिवशी ती माझ्या अर्जातून बाहेर. लहानपणापासून इथे शिकलेली पोर परदेशी विद्यार्थिनी म्हणून नव्याने व्हिसा मागणार.

आणि डंकी मारून कुंपणावरून उडी टाकणारा दुसऱ्या दिवशी आश्रयाचा अर्ज टाकतो आणि काही महिन्यांत त्याला कामाचा परवाना मिळतो. गेल्या वर्षभरात असे पकडले गेलेले भारतीयच लाखाच्या आसपास होते. मला राग येऊ नये का?

निशाचर

राग यायलाच हवा, पण कोणावर? तुमची रांग त्या उडी मारणाऱ्याने लांबवलेली नाही. एका देशाला वर्षाच्या ग्रीनकार्डांच्या ७ टक्क्यांच्या वर नाही, हा नियम संसदेने केलेला आहे. तो आइसलँडलाही ७ आणि भारतालाही ७.

आणि ट्रम्प तुमच्या बाजूचे आहेत असं वाटत असेल तर २०१७ आठवा. "अमेरिकी माल घ्या, अमेरिकी माणूस घ्या" असा आदेश निघाला आणि त्यानंतर एच-१बीचे नवे अर्ज नाकारण्याचं प्रमाण २०१५च्या ६ टक्क्यांवरून २०१८ला २४ टक्क्यांवर गेलं. जून २०२०मध्ये तर एच-१बीवर नव्याने येणंच थांबवलं. तेव्हा मुंबईत स्टँपिंगला गेलेले किती जण अडकून पडले होते ते इथल्याच लोकांना विचारा.

रांगेत उभा

मला तेव्हा तीनदा आरएफई, म्हणजे जादा पुरावे मागणारी नोटीस आली होती, मला शिकवू नका. पण या जूनमध्ये ट्रम्प म्हणाले ना, इथे पदवी घेणाऱ्याला पदवीसोबत ग्रीनकार्ड द्या म्हणून?

निशाचर

आणि त्याच रात्री प्रचारकचेरीने त्याला अटी जोडल्या. बोलाचीच कढी.

मीनल_औषधवाली

मी जर्सीतच फार्मासिस्ट आहे. तुमचं भांडण वाचून हसू येत होतं, मग ओहायोकरांच्या फावड्यापाशी थांबले.

सीमेच्या आधी हे दुकानात सुरू झालं. ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक बाजारात आलं १९९६ला. व्यसन फार कमी लागतं असं सांगून डॉक्टरांच्या गळी उतरवलं. कंपनीने २००७ला गुन्हा कबूल केला, २०२०ला परत केला. मध्ये लोकांना गोळीची सवय लागली, मग प्रिस्क्रिप्शनवर निर्बंध आले, लोक हेरॉइनकडे गेले आणि त्यात फेंटानिल मिसळायला लागलं. हेरॉइनच्या पन्नास पट ताकदीचं. दोन मिलिग्रॅम जीव घ्यायला पुरतात. पेन्सिलच्या टोकावर मावतील एवढे कण. हा प्रवास बघितला तर त्यात कुंपण फार उशिरा येतं.

पोरं आता जी निळी गोळी घेतात, एका बाजूला एम, दुसऱ्या बाजूला ३०, ती दिसायला आमच्या कपाटातल्या गोळीसारखीच. मलाही नुसतं बघून खरी-खोटी सांगता येत नाही. इन्स्टावरून मागवतात. बऱ्याच जणांना आपण फेंटानिल घेतोय हे माहीतच नसतं.

२०२२मध्ये सगळे ओव्हरडोस धरून लाखावर माणसं गेली, त्यातली ७०,०००हून जास्त फेंटानिलच्या जातीच्या ओपिऑइडने, म्हणजे अफूसारख्या ड्रग्जने. यंदा आकडा उतरतोय. मला वाटतं त्यात ओव्हरडोस उतरवणाऱ्या, नाकात मारायच्या नॅलोक्सोनच्या फवाऱ्याचा मोठा वाटा असावा. ट्रम्पचं भाषण आणि हॅरिसचं भाषण, दोन्ही ऐकली. फवाऱ्यावर कोणी दोन मिनिटं घालवली नाहीत.

कोकणी_मेवा

एवढं पुराण कशाला? विकणाऱ्याला फाशी द्या. ट्रम्प तेच म्हणतायत. सिंगापूर बघा.

पेठेतला

पॉपकॉर्न खाली ठेवतो. मेवाशेठ, आपल्याकडे १९८९पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ३१अ कलमात दुसऱ्यांदा सापडलेल्या मोठ्या तस्कराला फाशी लिहिलेलीच आहे. २०११ला मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्तीची असणं घटनाबाह्य ठरवलं, तरी न्यायाधीशांच्या मर्जीवर ती अजून आहे. काय झालं? या फेब्रुवारीत पुण्यापासून दोन तासांवर, कुरकुंभच्या एमआयडीसीत, एमडी या ड्रगचा कारखानाच सापडला. बाहेरून बघाल तर बाजूच्या केमिकल फॅक्टऱ्यांसारखाच. तिथे कुठली भिंत बांधायची आणि कोणाला परत पाठवायचं? दौंडला?

अवांतर: ज्यांना फाशी हवी आहे तेच ट्रम्प २०१८ला फर्स्ट स्टेप कायद्यावर सही करून ड्रग्जवाल्यांच्या शिक्षा कमी करतात आणि या सप्टेंबरात फ्लोरिडात गांजा कायदेशीर करायच्या बाजूने मत देणार म्हणतात. गडी नक्की कुठल्या बाजूला आहे?

ओहायोकर

पेठेतले, तो मुद्दा मान्य. पण उलट बाजूचाही एक प्रयोग सांगा की. ओरेगॉनने २०२०ला मतदान घेऊन कुठलंही ड्रग थोडं जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं. शंभर डॉलर दंड, तोही हेल्पलाइनला फोन केला तर माफ. फोन जवळजवळ कोणी केलेच नाहीत. पोर्टलंडच्या फुटपाथवर लोक उघड्यावर फॉइल पेटवून बसायला लागले. आणि या १ सप्टेंबरपासून तो परत गुन्हा. ओरेगॉन, जिथे रिपब्लिकन औषधालाही सापडत नाहीत! पोर्तुगालचं उदाहरण देऊ नका, त्यांनी २००१ला हे केलं तेव्हा उपचाराची सोय आणि व्यसनींना बोलावून घेणारी मंडळं बरोबर उभी केली होती. आपल्याकडे नुसतं कुलूप काढलं.

आणि मीनलताई, तुमचं वाचून बरं वाटलं. आमच्या गल्लीतल्या त्या मुलाची सुरुवातही गोळीनेच झाली होती. फुटबॉलमध्ये खांदा निखळला होता.

निशाचर

ओरेगॉन फसलं, मान्य. पण ओहायोकर, तुम्ही एक टाळताय. स्प्रिंगफिल्ड तुमच्यापासून किती लांब?

ओहायोकर

अर्ध्या तासावर. टाळत नाही, लिहितो.

१० सप्टेंबरच्या टीव्हीवरच्या वादात ट्रम्प स्प्रिंगफिल्डच्या हैतियन लोकांबद्दल "ते कुत्री खातायत, मांजरं खातायत" हे बोलले तेव्हा मी सोफ्यावरून उठून पाणी प्यायला गेलो. लाज वाटली. आमच्या गोदामात तीन हैतियन आहेत. तिघांकडेही टीपीएसचे, म्हणजे तात्पुरत्या संरक्षणाचे कागद आहेत, म्हणजे कायदेशीर. त्या आठवड्यात गावातल्या शाळा बॉम्बच्या धमक्यांनी रिकाम्या केल्या. आमचे गव्हर्नर डेवाइन, रिपब्लिकनच, त्यांनी यात काही तथ्य नाही म्हणून सांगितलं आणि शाळांत राज्याचे पोलीस पाठवले. तिघांपैकी एकाने मला विचारलं, तुझ्याकडे बघून पण लोक असं बोलतात का? मी म्हटलं, नाही. खोटं बोललो. ९/११ नंतरचं मला आठवतंय.

पण साठेक हजारांच्या गावात तीन-चार वर्षांत १२ ते २० हजार माणसं आली की दवाखान्याची रांग वाढते, घरभाडं वाढतं. हे म्हणणाऱ्याला लगेच वर्णद्वेषी ठरवलंत की तो लाल टोपी घालणारच. तुमचे गुजराती काका आकाशातून पडलेले नाहीत.

निशाचर

हे मात्र तुम्ही माझ्यापेक्षा बरं लिहिलंत.

पण 'कायदेशीर' हा शब्द आपण फार मिरवतो. १९१७च्या कायद्याने आपला सगळा पट्टाच बंद केला होता. १९४६ला उदार होऊन अख्ख्या भारताला वर्षाला १०० जागा दिल्या. १९६५ला दार उघडलं म्हणून बेळगावचे श्री ठाणेदार १९७९ला शिकायला येऊन आज मिशिगनचे खासदार आहेत. कायदा आपल्या सोयीचा होता तेव्हा आपण आलो, एवढंच.

कोकणी_मेवा

म्हणजे दार सताड उघडं ठेवा?

निशाचर

मी कुठे असं म्हटलं? फेब्रुवारीत सिनेटमध्ये विधेयक आलं होतं ते वाचा. ओक्लाहोमाचे लँकफर्ड, पक्के रिपब्लिकन, त्यांनी महिनोन् महिने बसून वाटाघाटी केल्या. आश्रयाचे निकष कडक, सरासरी रोज ५,००० लोक आले की सीमा बंद करण्याची सक्ती, आणि नाक्यांवर स्कॅनरसाठी पैसे. म्हणजे त्या गाडीच्या दारासाठी! ट्रम्पनी ते पाडा म्हणून सांगितलं आणि ७ फेब्रुवारीला पडलं. सीमा खरंच बंद झाली असती तर प्रचारात काय बोलले असते?

ओहायोकर

रोज ५,००० म्हणजे वर्षाला अठरा लाख. आमच्याकडे लोकांनी ते असंच वाचलं. आणि बायडनना जूनमध्ये नुसत्या आदेशाने आश्रय आवळता आला, तर आधीची तीन वर्षं काय करत होते?

मीनल_औषधवाली

रांगेत उभा, तुम्ही ते विधेयक वाचलंत का? त्यात पाच वर्षांत अडीच लाख जादा ग्रीनकार्डं होती. आणि एच-१बीवाल्यांची मुलं २१ला बाहेर पडू नयेत अशी तरतूद होती. माझ्या भाचीसाठी मी पान न् पान वाचलं होतं.

रांगेत उभा

नव्हतं वाचलं.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त ५,०००चा आकडा फिरत होता. मीच दोन ठिकाणी फॉरवर्ड केला.

असो. मला मत नाहीच.

पेठेतला

मुलीसाठी वकिलाने काय सांगितलंय?

रांगेत उभा

एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज डिसेंबरच्या आत टाका म्हणालाय. फी परदेशी विद्यार्थ्याची भरावी लागेल का ते कॉलेज अजून सांगत नाही.

ओहायोकर

मी माझं मत कोणाला देणार ते बदललेलं नाही, निशाचर, खोटं कशाला बोला. मीनलताई, एक विचारायचं होतं. तो फवारा घरात ठेवायचा तर काय करावं लागतं? माझा धाकटा आता कॉलेजच्या डॉर्ममध्ये गेलाय. तुमच्याच राज्यात.

मीनल_औषधवाली

सोपं आहे. हनुवटी वर करून डोकं मागे, एका नाकपुडीत पूर्ण दाबायचा, ९११ला फोन, दोन-तीन मिनिटं थांबायचं. श्वास आला नाही तर दुसरा डबा, दुसऱ्या नाकपुडीत. आमच्या वाचनालयात प्लास्टिकच्या बाहुलीवर शिकवतात. पहिल्यांदा सगळे घाबरून अर्धाच दाबतात.

जर्सीत गेल्या वर्षीपासून योजनेतल्या कुठल्याही फार्मसीत फुकट मिळतो, चौदा वर्षांवरच्या कोणालाही. मुलाला सांगा, काउंटरवर जाऊन नुसतं मागायचं. नाव विचारत नाहीत, पत्ता विचारत नाहीत, कागद तर नाहीच.