सल्ला हवा: तीन वर्षं शेडमध्ये पडलेल्या वॅगनआरचा विमा, बजेट ५ हजार

टिळकवाडीची_आत्या
नमस्कार मंडळी. माझी २०१६ ची वॅगनआर, पेट्रोल, ९९८ सीसी, केए २२ पासिंग. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले ती नातवापायी तिथंच राहिले. गाडी कव्हर घालून शेडमध्ये. विमा नोव्हेंबर २०२२ ला संपला, नंतर कुणी भरलाच नाही. आता परत आलेय. आठवड्यातून एकदा खानापूरला आईकडे आणि बाकी भाजी, बँक एवढंच चालवणार. एका ठिकाणी फुल इन्शुरन्सचे ९,४०० सांगितले. माझं बजेट ५ हजार. आधी एकही क्लेम नाही, ५० टक्के सूट मिळायची. ती आता मिळेल का?

निपाणीकर_८१
अक्का, ९,४०० मुकाट भरा. वर इंजिन प्रोटेक्ट पण घ्या. २०१९ च्या पुरात यमगर्णीजवळ माझी गाडी पाण्यात बंद पडली. मी शहाण्यानं पुन्हा सेल्फ मारला, इंजिन बसलं. फुल इन्शुरन्स होता, तरी इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत. पाणी आत असताना स्टार्ट मारलेलं साध्या पॉलिसीत बसत नाही म्हणे. साठ हजार गेले.

टिळकवाडीची_आत्या
अरे बाबा, खानापूरच्या वाटेवर यमगर्णी कुठं येतंय?

निपाणीकर_८१
पाऊस काय सांगून येतो?

पुण्यात_अडकलेला_बेळगावी
ऑनलाइन काढा काकू, दहा मिनिटांचं काम. मी क्रेटाचा परवाच काढला, झिरो डेपसकट, म्हणजे क्लेममध्ये पार्ट जुना म्हणून पैसे कापत नाहीत. एजंटला कमिशन कशाला द्यायचं?

केए२२_गडी
आत्या, ५० टक्के विसरा. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. परत २० पासून सुरू, मग २५, ३५, ४५, ५०. पाच वर्षं चढायचं. आणि ती सूट फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या, पैशांवर न्हवे. म्हणून सांगालोय, हिशोब वेगवेगळा करा.

कडोलीचा_बटाटा
बेळगावात कशाला काढालाय? कोल्हापुरात काढा, तिकडं स्वस्त. माझ्या साडूनं काढलाय.

संकेश्वरी_मिरची
साडूची गाडी कुठली, किती जुनी, काय घेतलं त्यात? दर दुकानावर नसतो हो, गाडीचं पासिंग कुठलं त्यावर असतो. पुणे, मुंबई, बेंगळुरू ही मोठी शहरं झोन ए, बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही झोन बी. कोगनोळीचा टोल भरून जाणार आणि दर तोच!

क्रेटावाल्या भाऊंना: २०१६ च्या गाडीला झिरो डेप बऱ्याच कंपन्या देतच नाहीत. साधारण पाच वर्षांच्या आतल्या गाडीची गोष्ट ती.

कडोलीचा_बटाटा
साडू खोटं बोलत नाही.

येळ्ळूरचा_पैलवान
आत्या, बोनस गेला तुमचा. ९० दिवसांचा नियम आहे.

केए२२_गडी
मर्दा, वर तेच लिहिलंय की.

वडगावची_वैनी
सगळे पैशांचंच बोलतायत. आत्या, तुमचं लायसन कधीपर्यंत आहे?

टिळकवाडीची_आत्या
थांबा, पर्स बघते.
अगंबाई. मार्च २०२३ लाच संपलंय.

निपाणीकर_८१
काही होत नाही, पाच वर्षांपर्यंत नुसता फॉर्म भरून रिन्यू होतं. माझ्या भावाचं झालं.

वडगावची_वैनी
कधी झालं ते? २०१९ ला कायदा बदलला. आता संपून एक वर्षाच्या वर गेलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. आधी हे बघा आत्या. लायसन नसताना तुम्ही चालवून कुठं धडकलात, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारतील. समोरच्याला कंपनी भरपाई देईल, पण नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो ना, तोही वैध लायसन नसेल तर देत नाहीत. मी दुचाकीवर शिकलेय हे. कसं, ते सांगत नाही.

संकेश्वरी_मिरची
वैनींना पूर्ण पाठिंबा. आणि फुल घ्यायचा असेल तर मधे खंड पडल्यामुळे आधी इन्स्पेक्शन होणार. फोटो किंवा व्हिडिओ मागतात, जुनं पोचलेलं त्यात नोंद होतं. नुसत्या थर्ड पार्टीला सहसा ते लागत नाही. १००० सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी दर २०२२ पासून २,०९४ आहे, १८ टक्के जीएसटी धरून २,४७१. कुठल्याही कंपनीत हाच, त्यात घासाघीस नाही. पण चोरी झाली, झाड पडलं, तर त्यात काही मिळत नाही. म्हणून मी तरी फुलच घेईन.

पुण्यात_अडकलेला_बेळगावी
+१ फुल. आणि ऑनलाइन.

येळ्ळूरचा_पैलवान
फुलच घ्या. विम्याशिवाय रस्त्यावर काढूच नका, पहिल्यांदा सापडलात तर २ हजार दंड, तुरुंगाची पण तरतूद आहे. आणि काढायच्या आधी बॉनेट उघडून बघा, उभ्या गाडीत उंदीर संसार करतात.

(चार दिवसांनी)

टिळकवाडीची_आत्या
सगळ्यांचे आभार, वैनीचे जास्त.

पैलवान, तू म्हणालास तेच झालं. बॉनेटमध्ये नारळाच्या शेंड्यांचं घरटं, दोन वायरी कुरतडलेल्या, बॅटरी मेलेली. आमच्या गल्लीतला एजंट स्वतःच मेकॅनिकला घेऊन आला. दोघं दुपारभर शेडमध्ये होते, चहा दोनदा झाला. गाडी सुरू झाल्यावरच त्यानं विम्याचा विषय काढला. म्हणून त्याच्याकडूनच काढला, ऑनलाइन नाही. फक्त थर्ड पार्टी, २,४७१. बॅटरीला उरलेले गेले आणि वर थोडे पदरचे. लायसनच्या चाचणीचा अर्ज भरलाय, तोवर भाचा चालवेल, त्याचं लायसन मी हातात घेऊन वाचलं. माझं आलं की अपघात विमा वेगळा घेईन.

निपाणीकर_८१
इंजिन प्रोटेक्ट नाही घेतलं? पावसाळा येऊ दे, मग माझी आठवण काढा.

संकेश्वरी_मिरची
आणि गाडी चोरीला गेली तर, आत्या?

टिळकवाडीची_आत्या
शेडच्या दारात गाडी, गाडीपुढं स्कूटर, स्कूटरपुढं तुळशीवृंदावन. चोराला आधी माझी पूजा आटपेपर्यंत थांबावं लागेल.

कडोलीचा_बटाटा
कोल्हापूरला एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.