एनजीसी ४५६७ आणि ४५६८ या दोन दीर्घिका: खरंच भिडल्यात, की नुसत्या एका रेषेत आल्यात?

आठइंची: आठ इंची न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीने कन्या राशीतली ही जोडी टिपली. दोन-दोन मिनिटांच्या फ्रेम, स्टॅक करून (एकावर एक जोडून) एकूण तीन तास. कडा एकमेकींवर चढलेल्या दिसतात, पण ताऱ्यांची बाहेर ओढली गेलेली शेपटी नाही की दोघींना जोडणारा पूल नाही. स्ट्रेच ताणला (फिकट भाग उजळवला) की मात्र डावीकडे एक फिकट पट्टा उगवतो. तो गुरुत्वाने ओढलेला ताऱ्यांचा ओघ असू शकेल का?

रात्रपाळी: आधी पट्ट्याचं बघू, कारण मला त्याचाच संशय आहे. कॅमेरा नव्वद अंश फिरवून दुसऱ्या रात्री पुन्हा घ्या. पट्टा फ्रेमबरोबर फिरला तर तो तुमच्या कॅमेऱ्यातला. मग नव्या फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या, डाग-छाया काढायला वापरायच्या फ्रेम) घ्या. आकाशाला चिकटून राहिला तरी लगेच नाचू नका. त्या भागात आपल्याच आकाशगंगेतली धूळही फिकट चमकते. आणि नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे पुसणं) शेवटी, तेही हलक्या हाताने. त्याने खोट्या शेपट्या फार छान उगवतात.

आता भिडल्यात का? फोटोवरून अंतर कळत नाही. रेडशिफ्ट (प्रकाश लालकडे सरकणं, त्यावरून दूर जाण्याचा वेग कळतो) बघा: दोघींचा वेग सेकंदाला २२५० किमीच्या आसपास, जवळपास सारखाच. पण त्या कन्या समूह या दीर्घिकांच्या थव्यातल्या, तिथे प्रत्येकीचा स्वतःचा वेगही मोठा असतो, म्हणून वेग जुळला म्हणजे शेजार पक्का असं नाही. स्टीफन्स क्विंटेटमध्ये (जवळजवळ दिसणाऱ्या पाच दीर्घिकांत) उलटा प्रकार: एनजीसी ७३२० चा वेग इतरांपेक्षा खूपच कमी, ८०० च्या आसपास, ती सरळसरळ पुढे उभी असलेली परकी. ७३१८बीचा वेगही इतरांपेक्षा सुमारे ९०० ने वेगळा, तरी ती गटात घुसून धडकतेच आहे!

जुनीकाच: पण धडक असेल तर शेपटी का नाही?

रात्रपाळी: उशीर लागतो हो. टूमरे या शास्त्रज्ञ बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवलं तसं, दीर्घिका एकमेकींच्या जवळून जाऊन झाल्यावर शेपट्या लांबतात. या दोघींची आत्ता कुठे गाठ पडतेय. हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने २०२२ मध्ये यांचा फोटो दिला तेव्हा विलीन व्हायला सुमारे ५० कोटी वर्षं सांगितली होती. शेपटीच हवी असेल तर सिंह राशीतली एनजीसी ३६२८ घ्या. तिची जवळपास तीन लाख प्रकाशवर्षं लांब आहे, पण इतकी फिकट की उजेडाच्या आकाशातून नाद सोडा.

आठइंची: कॅमेरा फिरवून बघतो. उलट्या, काळ्या-पांढऱ्या प्रतीत पट्टा जास्त स्पष्ट दिसतोय, ती प्रत टाकू का?

रात्रपाळी: टाका, पण न ताणलेली फाइल. ताणायचं काम आमच्यावर सोडा.