निकोसियाला एकच दिवस आहे, पलीकडे जाऊ का?

प्रवासीपक्षी:
पुढच्या महिन्यात सायप्रसला चाललोय, मी आणि आई (वय 68, गुडघे ठीक आहेत पण फार पायऱ्या नकोत). मुक्काम लार्नाकाला, त्यातला एक दिवस निकोसियाला ठेवलाय. शहर मधोमध कापलंय, अर्धं ग्रीक अर्धं तुर्की, एवढंच ऐकून आहे. चालत पलीकडे जाता येतं हे खरं का? आई म्हणते कशाला त्या सैनिकांच्या वाटेला जायचं, समुद्रावर बसू गप. काय सांगू तिला?

उंडगा:
जाच. लार्नाकाहून बसने तासाभरात पोचता. मग लेड्रा स्ट्रीट पकडायचा, गाड्यांना बंदी, दोन्ही बाजूंना दुकानं नि कॅफे, सपाट रस्ता, आणि चालता चालता एकदम समोर पासपोर्टची खिडकीच येते. 2008 च्या एप्रिलपर्यंत तिथून जाता यायचं नाही. इकडे पासपोर्ट दाखवा, मधली ओसाड घरं ओलांडा, तिकडे परत दाखवा, आमचा तर कॉम्प्युटरवर बघून लगेच परत दिला, शिक्काबिक्का काही नाही. आईंची कुरकुर संपायच्या आत पलीकडे असाल.
भाड्याच्या गाडीचा मात्र मोह नको, दक्षिणेतला इन्शुरन्स उत्तरेत चालत नाही.

खादाडखाऊ:
युरो संपून लिरा सुरू होतो तिकडे. इकडे जे हलूमी चीज, तेच तिकडे हेलिम, कॉफीचंही तसंच, चव तीच पण इकडे तिला टर्किश म्हणालात तर भुवया उंचावतात :) ब्युयुक हानच्या चौकात बसून प्या, 1572 च्या आसपासची ऑटोमन सराय आहे, आईंना सावलीत टेकायला मस्त.

जुनंखोड:
'अर्धं ग्रीक अर्धं तुर्की' असं तिथे कुणाला म्हणू नका, ते ग्रीक सायप्रियट आणि तुर्की सायप्रियट, दोघंही त्याच बेटाचे. 1963 च्या डिसेंबरात दंगे झाले तेव्हा एका ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली, म्हणून ग्रीन लाइन. 1974 मध्ये आधी अथेन्सच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने बंड झालं, मग तुर्की सैन्य उतरलं आणि ती रेघ आख्ख्या बेटावर पसरली, 180 किलोमीटर. उत्तरेच्या 'देशाला' तुर्कीशिवाय कुणी मानत नाही.
बहुतेक लोक खिडकी ओलांडतात, सेल्फी काढतात, झालं. अहो, खरं बघण्यासारखं तर बाजूच्या गल्ल्यांत आहे! रेघेला धरून चाला, गल्ली मध्येच पिंपांनी आणि वाळूच्या पोत्यांनी बुजवलेली दिसेल, त्यामागे छप्पर खचलेली घरं नि आत उगवलेली झाडं. चौकीचे, सैनिकांचे फोटो मात्र अजिबात काढू नका, ओरडतात.
आणि एक गंमत, वर भिंत असली तरी खाली गटारं एकच आहेत. सांडपाण्याला कुठली रेघ? 1970 च्या दशकाच्या शेवटी दोन्हीकडचे महापौर, लेलोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी, यांनी वाटाघाटींच्या घोळात न पडता परस्पर जमवलं. दोन्हीकडचं पाणी आजही उत्तरेतल्या एकाच प्रकल्पात जातं. अकिंजी पुढे तुर्की सायप्रियटांचे नेतेही झाले.

प्रवासीपक्षी:
धन्यवाद मंडळी! आईला गटाराचं सांगितलं, ती म्हणे हे बघायलाच हवं, आता गटार कसं दाखवू :D सेलिमिये मशीद आधी चर्च होती ना? ओढणी लागेल का?

उंडगा:
हो, सेंट सोफिया कॅथेड्रल, 1570 ला ऑटोमनांनी शहर घेतल्यावर मशीद झाली, गॉथिक चर्चला मिनार असं अजब दिसतं. ओढणी ठेवा, पण आम्ही गेलो तेव्हा डागडुजी चालू होती, बाहेरूनच बघितली. आणि सकाळी लवकर निघा, दुपारी ऊन फार असतं.