मदत हवी आहे: कवटीवरून टार्सियर कसा ओळखायचा?
नमस्कार मंडळी. प्रायमेट्सच्या (म्हणजे माकडं, माणूस, लेमूर वगैरेंच्या गटातल्या) कवट्यांचा तुलनात्मक तक्ता करतेय आणि टार्सियर या आग्नेय आशियातल्या, मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्रायमेटपाशी अडकलेय. माकडांचं दात मोजून जमतं: दक्षिण अमेरिकेतल्या कॅपुचिनला 36, कारण जबड्याच्या प्रत्येक बाजूला तीन उपदाढा. मकाक (आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांचा गट), चिंपांझी आणि आपण, सगळे 32, उपदाढा दोनच. टार्सियरला मात्र 34! पटाशीचे वर चार, खाली दोनच. शिवाय खालच्या जबड्याचे दोन भाग मध्ये सांधलेले नसतात, अगदी मादागास्करच्या लेमूरसारखे. तरी तो माकडं आणि माणसाच्या गटात, कारण नाक कोरडं आणि डोळ्यात चमकणारा पडदा नाही. पण हे कवटीत कुठे दिसणार? डोळ्याच्या खोबणीमागची हाडाची भिंत त्याच्यात अर्धवट असते, तेवढ्यावर विसंबावं का? हाडांवर काम केलेल्यांनी आणखी एखादी खूण जरूर सांगा.